बचाव पथक पोहोचण्यापूर्वीचे तास

समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर वसलेल्या नागपूरला वादळाचे व महापुराचे भय ते काय, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. बंगालच्या उपसागरात निर्माण होणारे कमी दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळांचे अवशेष ओडिशा व छत्तीसगड ओलांडून विदर्भापर्यंत येतात. किनाऱ्यावर जी आपत्ती वाऱ्याच्या रूपाने कोसळते, ती येथे पाण्याच्या रूपाने येते. वैनगंगा, वर्धा, कन्हान आणि पेंच या नद्यांच्या काठी राहणाऱ्या गावांना याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या आहे.

नागपूरचे याबाबतीत एक वेगळे महत्त्वही आहे. संकटात सापडलेल्यांना सोडविण्याचे शास्त्र सबंध देशाला शिकविणाऱ्या संस्था याच शहरात आहेत. केंद्रीय आपत्कालीन साहाय्य प्रशिक्षण संस्था या नावाने १९५७ साली येथे सुरू झालेली संस्था १९६८ पासून राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली. रामपूर येथे १९५६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ साली नागपूरला आले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची प्रबोधिनीही २०१८ साली येथेच उभी राहिली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या २०१६ साली स्थापन झालेल्या दोन कंपन्यांपैकी एक धुळे येथे, तर दुसरी नागपूर येथे आहे.

असे असूनही २०२३ सालच्या सप्टेंबर महिन्यात याच शहरातील हजारो कुटुंबांच्या घरांत मध्यरात्री पाणी शिरले. बचावाची साधने आणि प्रशिक्षित माणसे जवळ असणे आवश्यक आहेच. परंतु संकटाच्या पहिल्या काही तासांत मनुष्याचा जीव वाचतो, तो त्याच्या वस्तीने व गावाने आधी केलेल्या तयारीवर. ही गोष्ट त्या रात्रीने पुन्हा एकदा दाखवून दिली.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट

नागपूरच्या पश्चिमेस उगम पावणारी नाग नदी अंबाझरी तलावात येते आणि तलावाच्या सांडव्यावरून पुढे शहराच्या मध्यभागातून वाहत जाते. शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी बांधलेल्या या तलावाचा सांडवा खुला होता. पाणी साठ्याच्या पातळीवर चढले की ते आपोआप पुढे वाहू लागे. दरवाजे उघडून विसर्ग करणाऱ्या धरणावर कोणी तरी निर्णय घेतो व त्याची सूचना आधी देता येते. येथे तशी सोय नव्हती. तलाव भरलेला असताना वर पडलेला प्रत्येक थेंब खालच्या वस्त्यांकडे येणार, हे ठरलेलेच होते.

२३ सप्टेंबरच्या पहाटे सुमारे चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. त्यातील बराचसा दोनच तासांत पडला. अंबाझरी ओसंडून वाहू लागला. नाग नदीचे पात्र अनेक ठिकाणी आक्रसलेले असल्याने पाणी काठावर पसरले. अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर येथपासून सीताबर्डीपर्यंतच्या तळमजल्यांत ते शिरले. लोक झोपेत होते. अनेकांना पुराची वार्ता कळली ती अंथरूण भिजल्यावर.

अग्निशमन दल, राज्य व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलांची पथके आणि लष्कराच्या दोन तुकड्या बचावकार्यात उतरल्या. सुमारे ४०० लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले. त्यांत एल.ए.डी. महाविद्यालयाच्या वसतिगृहातील विद्यार्थिनी होत्या आणि मूकबधिर विद्यालयातील मुलेही होती. तथापि किमान चार जणांचे प्राण गेले. मृतांत वृद्ध स्त्रियांचा समावेश होता.

या घटनेतून दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्यासारख्या आहेत. भोंगा वाजला असता, तरी मूकबधिर मुलांना तो ऐकू आला नसता. आणि जिन्याने वर चढू न शकणाऱ्या वृद्धेला नुसती सूचना मिळून भागत नाही, तिला उचलून नेणारे दोन हात लागतात. ती मुले कोठे राहतात व ती वृद्धा कोणत्या घरात आहे, ही माहिती दूरच्या पथकाजवळ असणे कठीण. शेजाऱ्याजवळ ती असते.

मोवाडचा धडा

नागपूर जिल्ह्याच्या स्मरणात याहून कितीतरी भीषण अशी एक घटना आहे. नरखेड तालुक्यातील मोवाड हे वर्धा नदीच्या काठी वसलेले जुने गाव. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेला आलेल्या महापुराने ते उद्ध्वस्त केले. या पुरात २०४ जण मृत्युमुखी पडले. पुढे गावाचे पुनर्वसन करण्यात आले. परंतु एका पुरात एवढी माणसे गमावल्याचे दुःख आजही तेथे विसरलेले नाही.

त्या काळी राष्ट्रीय अथवा राज्य आपत्ती प्रतिसाद दल अस्तित्वात नव्हते. भ्रमणध्वनी नव्हते. आज ही साधने आहेत. मात्र नदीचा वेग तोच आहे, आणि रस्ते पाण्याखाली गेले की पथकाला लागणारा वेळही फारसा कमी होत नाही. राष्ट्रीय दलाची महाराष्ट्रातील बटालियन पुण्याजवळ आहे. नागपूरहून निघालेल्या पथकाला गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा गाठावयाचे झाल्यास साडेतीनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. पथक कितीही तत्पर असले, तरी मधले तास गावानेच काढावयाचे असतात.

पावसाचे आकडे कसे वाचावेत

भारतीय हवामानशास्त्र विभाग चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर झालेल्या पावसाला मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पावसाला अतिमुसळधार आणि त्यापुढील पावसाला अत्यंत मुसळधार म्हणतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टी समजण्यात येते. हे आकडे अधिकाऱ्यांच्या परिचयाचे आहेत. परंतु ते चोवीस तासांचे आहेत, ही बाब अनेकदा नजरेआड होते.

शंभर मिलिमीटर पाऊस दिवसभरात सावकाश पडला, तर जमीन तो बऱ्याच अंशी मुरवून घेते आणि नाले तो वाहून नेतात. तोच पाऊस दोन-तीन तासांत पडला, तर शेतातील माती वाहून जाते आणि शहरातील रस्त्यांचे नाले होतात. नागपूरचा पाऊस वर्गवारीप्रमाणे पाहिल्यास मुसळधारच्या पायरीवरचा होता. आपत्ती ओढवली ती त्याच्या वेगामुळे आणि आधीच भरलेल्या तलावामुळे. म्हणून पर्जन्यमापकाची नोंद पाहताना पाऊस किती झाला, याबरोबरच तो किती वेळात झाला आणि वरच्या बाजूस साठा किती आहे, हे दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

हवामान विभागाच्या रंगांचा अर्थही नीट समजून घ्यावा. हिरवा रंग म्हणजे विशेष इशारा नाही. पिवळा म्हणजे परिस्थितीवर लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. नारिंगी रंग दिसला की नावा, दोर, कंदील व विजेऱ्या, निवाऱ्याच्या शाळेच्या किल्ल्या, औषधे या सर्व गोष्टी जागेवर आहेत किंवा नाहीत, हे पाहण्याची वेळ झाली, असे समजावे. लाल रंगाची वाट पाहत बसल्यास ती वेळ निघून गेलेली असते.

दुसऱ्यांच्या शिवारातील पाऊस

पूर येण्यासाठी आपल्याच गावात पाऊस पडावा लागतो, असे नाही. २०२० सालच्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस मध्य प्रदेशात जोरदार पाऊस झाला. सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून वैनगंगेत पाणी सोडण्यात आले. पेंच व कन्हान याही नद्या फुगल्या. नागपूर जिल्ह्यातील नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली. खाली भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुक्यासह गडचिरोलीतील कित्येक गावांत पुराचे पाणी शिरले. आभाळ उघडलेले असताना नदी चढत जाते, असे अशा वेळी घडते; आणि पाऊस थांबला म्हणून निश्चिंत झालेला मनुष्य त्यात सापडतो.

अशा पुरात एक सवलतही असते. वरच्या धरणातून सोडलेले पाणी खालच्या गावाला पोहोचण्यास काही तास, कधी दिवसही लागतो. तेवढा अवधी हातात असतो. विसर्गाची सूचना पाटबंधारे कार्यालयातून जिल्हा नियंत्रण कक्षाकडे, तेथून तहसील कार्यालयाकडे आणि तेथून गावाकडे येते. या साखळीची शेवटची कडी सर्वांत नाजूक असते. संदेश तहसीलपर्यंत मिनिटांत येतो. परंतु नदीकाठच्या शेतात जागलीला गेलेल्या शेतकऱ्यापर्यंत, वीटभट्टीवरील मजुरांच्या झोपड्यांपर्यंत किंवा वाळूच्या घाटाजवळ उतरलेल्या मेंढपाळांपर्यंत तो गेला किंवा नाही, याची खात्री कोणी करावयाची, हे आधी ठरलेले नसते.

ही कडी पक्की केल्याने काय साधते, हे ओडिशाने दाखविले आहे. १९९९ सालच्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर किनाऱ्यावर निवारे बांधण्यात आले, गावोगावी स्वयंसेवक तयार करण्यात आले आणि कोणी कोणत्या घरी जाऊन सूचना द्यावयाची, हे नेमून देण्यात आले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी फायलिन हे तीव्र चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलविण्यात आले होते. मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. आपल्या राज्यातही ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळण्यापूर्वी हजारो कुटुंबांना सुरक्षित स्थळी नेण्यात आल्याने मनुष्यहानी मर्यादित राहिली. वादळ अडविता येत नाही. वादळाच्या वाटेतून माणसे बाजूला नेता येतात.

कायदा काय सांगतो

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष, तर जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. आपत्तीची तयारी हे केवळ महसूल खात्याचे काम नाही, लोकनिर्वाचित संस्थाही त्यात बरोबरीने सहभागी आहेत, हे या रचनेतून कायद्याने स्पष्ट केले आहे. याच अधिनियमाच्या कलम ४१ अन्वये स्थानिक प्राधिकरणांनी आपले अधिकारी व कर्मचारी प्रशिक्षित ठेवावेत आणि आपत्तीच्या वेळी लागणारी साधने तात्काळ वापरता येतील अशा स्थितीत राखावीत, अशी तरतूद आहे.

"तात्काळ वापरता येतील" या शब्दांकडे पंचायत सदस्यांनी विशेष लक्ष द्यावे. भांडारात असलेली नाव आणि पाण्यात चालणारी नाव यांत फरक असतो. इंजिनात इंधन नाही, चालविणाऱ्याचे नाव ठरलेले नाही, जीवरक्षक जाकिटांचे पट्टे उंदरांनी कुरतडलेले आहेत, अशी नाव नोंदवहीत साधन म्हणून दाखविता येते. पुरात ती उपयोगी पडत नाही.

गावाची नोंदवही

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक नदीकाठच्या गावाने एक साधी नोंदवही तयार करावी. सरपंच, पोलीस पाटील, ग्राम महसूल अधिकारी म्हणजे पूर्वीचे तलाठी, मुख्याध्यापक, आशा स्वयंसेविका व अंगणवाडी सेविका यांनी एकत्र बसल्यास हे काम दोन दिवसांत होते. तीत पुढील गोष्टी असाव्यात.

पहिली, पूररेषेची खूण. मागील मोठ्या पुरात पाणी कोठपर्यंत आले होते, हे वृद्धांना विचारून मंदिराच्या, शाळेच्या वा चावडीच्या भिंतीवर रंगाने नोंदवावे. नकाशापेक्षा ही खूण लोकांना लवकर समजते.

दुसरी, ज्यांना उचलून न्यावे लागेल अशांची यादी. अंथरुणाला खिळलेले, अंध, मूकबधिर, शेवटच्या महिन्यातील गर्भवती, नुकतीच बाळंत झालेली स्त्री आणि एकटे राहणारे वृद्ध, यांची घरे नोंदवून प्रत्येकाच्या नावासमोर दोन धडधाकट शेजाऱ्यांची नावे लिहावीत. एक जण गावाबाहेर असला, तर दुसरा असावा, एवढाच हेतू.

तिसरी, निवाऱ्याची जागा. ती उंचावर असावी आणि तेथे जाण्याच्या वाटेवर नाला नसावा. किल्ली कोणाकडे आहे, पिण्याच्या पाण्याची सोय काय, स्त्रियांसाठी स्वतंत्र शौचालय आहे किंवा नाही, हे आधी पाहावे. जनावरांना सोडून जाण्यास शेतकरी तयार होत नाही, हा सर्वत्रचा अनुभव आहे. म्हणून गुरांसाठीही उंच जागा नेमून ठेवावी. तसे केल्यास माणसे लवकर हलतात.

चौथी, सूचना देण्याची पद्धत. भ्रमणध्वनीवर संदेश येतातच. परंतु मनोरे बंद पडले व वीज गेली, तर दवंडी, मंदिराचा वा मशिदीचा ध्वनिक्षेपक आणि शाळेची घंटा उपयोगी पडते. कोणत्या आवाजाचा अर्थ काय, हे ग्रामसभेत ठरवून सर्वांना सांगावे. राज्य नियंत्रण कक्षाचा १०७०, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, आपत्कालीन साहाय्याचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक चावडीच्या दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत लिहावेत.

शिक्षकांकडे या कामाचा मोठा वाटा येतो. शाळा हाच बहुतेक गावांचा निवारा असतो. पूर आल्यास घरातील कोणत्या वस्तू उचलावयाच्या व कोणत्या वाटेने जावयाचे, हे विद्यार्थ्यांकडून वर्षातून दोनदा प्रत्यक्ष करवून घेतल्यास ते घरोघरी पोहोचते.

नाव, दोर आणि शिस्त

गावाने स्वतः पुढाकार घ्यावा, याचा अर्थ तयारीवाचून पाण्यात उतरावे, असा नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे कृष्णेच्या पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि १७ जणांचे प्राण गेले. बचावासाठी निघालेली नाव क्षमतेपेक्षा अधिक भरली होती. घाबरलेली माणसे नावेत चढू लागली म्हणजे त्यांना थांबविणे फार कठीण असते. त्यासाठी नावेची क्षमता नावेवरच रंगाने लिहिलेली असावी आणि काठावर उभे राहून माणसे मोजणारा एक खंबीर मनुष्य असावा. जेवढी जाकिटे तेवढीच माणसे, हा नियम मोडू नये. एकाच फेरीत सर्वांना नेण्यापेक्षा तीन फेऱ्या करणे केव्हाही श्रेयस्कर.

वैनगंगेच्या खोऱ्यातील ढीवर व भोई बांधवांना नदीचे प्रवाह, भोवरे व उतार यांचे ज्ञान आहे. डोंगा चालविण्याचे त्यांचे कौशल्य मोलाचे आहे. त्यांना जाकिटे, दोर व प्रथमोपचाराचे शिक्षण मिळाल्यास गावाजवळ स्वतःचे पथक तयार होते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आपदा मित्र योजनेमागील कल्पना हीच आहे.

बुडणाऱ्यास वाचविण्याचा क्रम सर्वांनी पाठ करावा. प्रथम काठावरून काठी किंवा कापड पुढे करावे. ते पोहोचत नसेल तर दोर, रिकामा पिंप अथवा फुगविलेली ट्यूब फेकावी. तेही शक्य नसल्यास नाव न्यावी. पाण्यात उडी घेणे हा शेवटचा मार्ग असून तो केवळ प्रशिक्षित माणसाने, कमरेला दोर बांधूनच अवलंबावा. या क्रमाचा विसर पडल्याने एकास वाचविताना दुसराही बुडाल्याच्या घटना वारंवार घडतात.

पुलावरचे पाणी

विदर्भातील पुरांत अनेक बळी घरात जात नाहीत, ते पुलावर जातात. जुलै २०२२ मध्ये सावनेर तालुक्यात नांदा गोमुख परिसरात पुलावरून पाणी वाहत असताना एक वाहन प्रवाहात गेले आणि त्यातील प्रवाशांना प्राण गमवावे लागले. वाहते पाणी एक फूटभर असले, तरी लहान मोटार त्यावर तरंगू लागते. दोन फूट पाणी बहुतेक वाहनांना ओढून नेते. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे किंवा खचला आहे, हे वरून दिसत नाही. पुलावर पाणी चढताच दोन्ही टोकांना दोर बांधून माणसे उभी करण्याचे काम ग्रामपंचायतीने पोलिसांची वाट न पाहता सुरू करावे. यास खर्च जवळजवळ नाही.

पाणी ओसरल्यानंतर

पूर उतरला की धोका संपला, असे मानू नये. ओल्या घरात वीज सुरू करण्यापूर्वी तारा तपासून घ्याव्यात. अडगळीत साप असण्याचा संभव असतो. सामान काठीने हलवावे. सार्वजनिक विहिरी उपसून त्यांत टी.सी.एल. पावडर टाकावी आणि जलसुरक्षकाने ओ.टी. चाचणी घेतल्याशिवाय पाणी पिण्यास देऊ नये. मृत जनावरांची विल्हेवाट त्वरित लावावी. नुकसानीचे पंचनामे करताना भाड्याने राहणारी कुटुंबे, वाटेकरी शेतकरी व स्थलांतरित मजूर सुटून जाणार नाहीत, याची दक्षता संबंधित कर्मचाऱ्यांनी घ्यावी. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचेही घर वाहून गेलेले असते.

नागपूरच्या पुरानंतर अंबाझरीचा बांध, सांडवा व नदीपात्रातील अडथळे यांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला. तलाव व नदी यांची ही मोठी कामे आवश्यकच आहेत आणि ती शासनाने व महानगरपालिकेने करावयाची आहेत. त्यांना वर्षे लागतात. पाऊस मात्र दर वर्षी येतो. भिंतीवरील पुराची खूण, दोन शेजाऱ्यांची नावे, क्षमता लिहिलेली नाव व शाळेच्या किल्लीची ठरलेली जागा, या गोष्टींना मोठा निधी लागत नाही, शासन निर्णयाची वाटही पाहावी लागत नाही. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीच्या एका ग्रामसभेत त्या पूर्ण होऊ शकतात. ती ग्रामसभा मे महिन्यातच बोलाविण्याची जबाबदारी सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी घ्यावी.